मुलांनी पटवायचं तरी कुणाला? निसर्ग कार्यशाळेसाठी लेखनस्पर्धा घेणाऱ्यांना खुले पत्र

मा. आयोजक आणि परीक्षक मंडळी,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांसाठी पटवून देणाऱ्या लेखनाची स्पर्धा घ्यायची आणि बक्षीस म्हणून करंडक किंवा रोख रक्कम न देता निसर्ग कार्यशाळेतली जागा द्यायची, ही कल्पना मला मनापासून आवडते. हे बक्षीस कपाटात मांडून ठेवता येत नाही. ते घ्यायला मुलाला घराबाहेर पडावं लागतं. माझी तक्रार आहे ती नियमावलीतल्या एका ओळीबद्दल, जिथे तुम्ही विषय देता. ती ओळ बहुधा अशी असते : 'निसर्गाचे जतन का आवश्यक आहे, हे पटवून द्या.' किंवा मग अशी : 'या कार्यशाळेसाठी तुमचीच निवड का व्हावी, हे पटवून द्या.'

अशा स्पर्धांचे निबंध मी बरीच वर्षं तपासत आले आहे. मुलांनी पटवायचं ते नेमकं कुणाला, हे या दोन्ही ओळींमध्ये सांगितलेलंच नसतं.

पहिला विषय घ्या. निसर्ग जपू नये, असं म्हणणारा परीक्षक तुम्ही नेमलेला नाही. शिक्षक, पालक, प्रायोजक यांच्यापैकीही कुणी तसं म्हणत नाही. मग मूल ज्याला आधीच पटलेलं आहे त्याला पुन्हा पटवायला बसतं. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असं म्हणून नमनाला घडाभर तेल जातं, मग झाडं आपल्याला ऑक्सिजन देतात, मग मानव स्वार्थी झालेला असतो, आणि शेवटी 'चला तर मग, आपण सारे शपथ घेऊया'. गठ्ठा अर्धा संपेपर्यंत कुठला निबंध कुणाचा, हे मला सांगता येत नाही. यात मुलांचा काही दोष नाही. समोर कुणी नसलं की माणूस भाषण करतो, मोठी माणसंही तेच करतात.

दुसऱ्या विषयात मुलाला स्वतःचीच जाहिरात करावी लागते. 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या हातचं असतं तेव्हा हसू येतं, पण ते वाक्य त्याच्याकडून तुम्हीच लिहून घेतलेलं आहे.

पटवून देणारं मुलांचं लेखन कसं असतं, याचा माझा आवडता नमुना निसर्गाबद्दल नाही, दाढीबद्दल आहे. १५ ऑक्टोबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीनं अब्राहम लिंकनला पत्र लिहिलं. लिंकन तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता आणि त्याला दाढी नव्हती. तिनं त्याला दाढी ठेवायला सांगितलं. मला चार भाऊ आहेत, त्यांतले काही तुम्हालाच मत देतील, दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही मी वळवायचा प्रयत्न करीन, असं तिचं म्हणणं. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढीनं तुम्ही बरेच चांगले दिसाल. सगळ्या बायकांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागतील आणि मग तुम्ही अध्यक्ष व्हाल.

तिनं काय केलंय ते बघा. दाढीचं मानवी जीवनातलं महत्त्व तिनं सांगितलं नाही. वाचणाऱ्याला काय हवं आहे (मतं) हे तिनं ओळखलं. आपल्याला जे हवं आहे ते त्याच्या हवेपणाशी जोडलं. आपण स्वतः काय करू शकतो, तेवढंच कबूल केलं. चेहऱ्याबद्दल तर ती तोंडावर बोलली. लिंकननं चारच दिवसांनी उत्तर पाठवलं आणि त्यात शंका काढली : आजवर कधी दाढी ठेवली नाही, आता सुरू केली तर लोकांना तो उगीच केलेला नखरा वाटणार नाही का? वचन काही दिलं नाही. पण निवडून आल्यानंतर तो दाढी राखूनच निघाला, आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये वॉशिंग्टनला जाताना वाटेत वेस्टफील्डला गाडी थांबली तेव्हा तिला भेटला.

हे पत्र तुमच्या स्पर्धेत आलं असतं तर? भाषाशैलीत कमी गुण, सुविचार नाही, समारोप नाही. उत्तेजनार्थसुद्धा नंबर लागला नसता.

निसर्गाच्या बाबतीतही मुलांच्या पत्रांनी कामं झालेली आहेत, आणि तीही कुणा नेमक्या माणसाकडे काहीतरी नेमकं मागितल्यामुळे. अमेरिकेच्या पश्चिम भागातले रानटी घोडे गाड्या आणि विमानं मागे लावून पकडले जात आणि कत्तलखान्यात पाठवले जात. नेवाडा राज्यातल्या व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. १९५९ मध्ये पहिला कायदा झाला, पण तो पुरेसा नव्हता. मग देशभरातल्या शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रांचा असा काही मारा केला की १९७१ मध्ये अमेरिकी संसदेनं या घोड्यांना संरक्षण देणारा कायदा एकही विरोधी मत न पडता मंजूर केला. मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रँकलिन गावच्या दुसरीतल्या मुलांनी लेडीबग, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो ढालकिडा, राज्याचा अधिकृत कीटक व्हावा म्हणून मागणी लावून धरली आणि १९७४ मध्ये ती मान्य झाली. त्यानं फार मोठं संवर्धन झालं असं मी म्हणणार नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलांना तो किडा ओळखता येत होता आणि ही गोष्ट कुणाच्या हातात आहे हेही कळलं होतं.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती : विषयात एक खरा माणूस ठेवा, ज्याला 'नाही' म्हणता येतं. मुख्याध्यापक, मैदानाची देखभाल करणारे, बागेची व्यवस्था बघणारे, शेजारी, घरातले आजोबा, कुणीही. आणि मागणी एवढी लहान ठेवा की तो माणूस ती खरोखर मान्य करू शकेल.

एक विषय नमुन्यादाखल देते. 'मैदानाच्या कडेचं वाळलेलं झाड तोडू नये, हे मुख्याध्यापकांना पटवून द्या.' वाळकं झाड वाचवा म्हणणं हिरवं झाड वाचवा म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि नेमकं तेच इथे हवं आहे. मुलाला आधी कळून घ्यावं लागेल की मेलेल्या खोडात काय चालतं. सालीखाली भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात, त्यांच्यासाठी सुतार पक्षी येतो, तो ढोली कोरतो, आणि त्यानं सोडलेल्या ढोलीत पुढे घुबडं, पोपट, वटवाघळं असे स्वतःला ढोली कोरता न येणारे भाडेकरू राहायला येतात. बुंध्याशी बुरशी लाकूड कुजवत असते आणि त्याची माती होत असते. हे सगळं लिहून झालं तरी मुख्याध्यापक विचारतील, 'आणि फांदी मुलांच्या डोक्यात पडली तर?' हा प्रश्न खरा आहे. तो टाळून चालणार नाही, आणि 'निसर्गासाठी एवढा धोका पत्करायला हवा' असं उत्तर देऊनही चालणार नाही. धोक्याच्या फांद्या उतरवून नुसतं खोड उभं ठेवता येतं, भोवती कुंपण घालून मुलांना लांब ठेवता येतं, खोड फारच पोकळ झालं असेल तर ते आडवं पाडून तिथेच कुजू देता येतं. यातला एखादा मार्ग मुलाला स्वतःहून सुचला, तर त्या निबंधात एकही अलंकार नसला तरी मला चालेल.

असे विषय शोधायला फार लांब जावं लागत नाही. कुंपणालगतची गवताची पट्टी काही महिने न कापता ठेवावी. आवारातला रात्रभर जळणारा दिवा बंद ठेवावा किंवा त्याला टोपी बसवून उजेड खाली वळवावा. गळलेली पानं जाळू नयेत. प्रत्येक मागणीला समोरच्याकडे एक सरळ हरकत आहे : गवतात साप येतील, अंधारात चोर येतील, पानांचा कचरा दिसेल. ज्या मागणीला हरकतच नाही ती स्पर्धेत ठेवू नका.

हरकत मुलाच्या निबंधात आली पाहिजे, या माझ्या आग्रहामागे जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर एक प्रयोग केला, तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनी हरल्यावरही जपानशी युद्ध बराच काळ चालेल, हे पटवणारी दोन भाषणं त्यांनी ऐकवली. एकात फक्त बाजूचे मुद्दे होते, दुसऱ्यात विरुद्ध मुद्देही मांडलेले होते. आधीपासून तसंच मत असलेल्यांवर एकतर्फी भाषणाचा परिणाम जास्त झाला. ज्यांचं मत उलट होतं ते दोन्ही बाजू सांगणाऱ्या भाषणानं जास्त हलले. आपण मुलांना वर्षानुवर्षं पहिल्या प्रकारचं भाषण शिकवतो आहोत, आणि ते ऐकायला आधीच माना डोलावणारे लोक बसवतो आहोत.

आता पुराव्याबद्दल. मुलं पुरावा म्हणून काय देतात? 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की'. कोणत्या, कधी, कशावरून, काही नाही. मुलांनी आकडे देऊच नयेत असं नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानात ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना जवळचं दिसतं पण लांबचं नीट दिसत नाही असा, चष्मा लावायला लावणारा डोळ्यांचा दोष नव्यानं जडला होता, बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. मैदानाचा तास वाढवा म्हणणाऱ्या मुलाला ही माहिती द्यायलाच हवी. मुख्याध्यापकांना ऑक्सिजनपेक्षा चष्म्याची काळजी जास्त असते. अशा चार-पाच तपासलेल्या गोष्टींचं एक पान तुम्हीच विषयासोबत का देत नाही? मुलं माहिती शोधण्यात थकून जाण्यापेक्षा ती वापरायला शिकतील.

पण त्याहून मोलाचा पुरावा मुलानं स्वतः गोळा केलेला असतो. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांनी हवेच्या प्रदूषणाची पाहणी केली. हातात कुठलंही यंत्र नव्हतं. झाडांच्या सालीवर, भिंतींवर, दगडांवर वाढणारं दगडफूल, म्हणजे लायकेन, त्यांनी बघितलं. हे जीव पाणी आणि पोषण बरंचसं हवेतून घेतात, त्यामुळे हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा त्यांना लगेच त्रास होतो. झुडपासारखी फांद्या फुटलेली दगडफुलं सर्वांत आधी नाहीशी होतात, पानासारखी पसरणारी त्यानंतर, आणि सालीला चिकटून बसलेली पापुद्र्यासारखी सर्वांत शेवटी. म्हणजे कुठल्या झाडावर कुठला प्रकार आहे, एवढं नीट बघितलं तरी हवेचा अंदाज येतो. मुलांच्या निरीक्षणांवरून देशाचा नकाशा तयार झाला. यातलं कुठलंही काम दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

मुलं निसर्ग बघतच नाहीत, असा एक सूर इथे लगेच लागतो, म्हणून थोडं विषयांतर. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना काही चित्रं दाखवली, काही आजूबाजूच्या प्राणी-वनस्पतींची आणि काही पोकेमॉन या कार्टून-खेळातल्या काल्पनिक प्राण्यांची. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे ८० टक्के ओळखले, खरे जीव निम्मेच. हा निष्कर्ष बहुतेक वेळा रडगाणं म्हणून सांगितला जातो. मला त्यात उलट दिसतं. शेकडो आकार, रंग, नावं, कोण कशाचं रूप घेतं, हे सगळं लक्षात ठेवायची ताकद आठ वर्षांच्या डोक्यात भरपूर आहे. आपण त्याला कामाचं काही देत नाही, एवढंच.

तेव्हा नियमावलीत एक अट घाला : लिहायला बसण्याआधी मुलानं त्या जागी जाऊन बसायचं. पक्षी मोजण्याच्या काही जागतिक उपक्रमांत किमान पंधरा मिनिटं मागतात, तेवढी पुरेत. वेळ, जागा, काय दिसलं, किती दिसलं, काय ओळखता आलं नाही, हे एका कागदावर उतरवायचं आणि तो कागद निबंधाला जोडायचा, खाडाखोडीसकट. यानं आणखी एक दुखणं कमी होईल. आईनं लिहून दिलेला, शिकवणीत तयार करून घेतलेला किंवा हल्ली संगणकाकडून लिहवून घेतलेला निबंध ओळखायला मला फारसा वेळ लागत नाही, पण सिद्ध करता येत नाही. 'दिव्याखाली पाल होती, ती प्रत्येक पतंगाला धरत नव्हती, मोठे सोडून देत होती' हे वाक्य मात्र कुठल्याही साच्यातून येत नाही. ते तिथे बसलेल्यालाच मिळतं.

गुणांचं थोडक्यात सांगते. समोरच्याची हरकत ओळखली का आणि तिला उत्तर दिलं का, याला सर्वांत जास्त गुण. स्वतः पाहिलेल्याला त्याखालोखाल. मागणी स्पष्ट आहे का, ती करता येण्याजोगी आहे का, याला त्यानंतर. शुद्धलेखनाला थोडे. सुविचार आणि कवितेच्या ओळींना शून्य, आणि हे आधीच जाहीर करा, म्हणजे कुणी पाठ करून येणार नाही.

आता बक्षिसाचा प्रश्न, आणि इथे माझं मत तितकंसं ठाम नाही. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या निम्म्याएवढाच वेळ चित्रांना देत होती. यावरून बक्षिसंच नकोत, असं काही जण म्हणतात. मी तिथवर जाणार नाही. ती मुलं मुळातच चित्रांची शौकीन होती, आणि ज्याला निसर्गाचं काहीच वाटत नाही त्याला उंबरठा ओलांडायला आमिष उपयोगी पडू शकतं. शिवाय तुमचं बक्षीस त्याच कामाचा पुढचा भाग आहे, प्रमाणपत्रासारखं बाजूचं नाही.

पण जागा मिळते कुणाला, हे बघा. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ज्याला सुट्टीत जंगल दाखवलं जातं, ज्याची भाषा आधीच घडलेली आहे, त्याला. कार्यशाळेची सर्वांत जास्त गरज असलेलं मूल चार ओळींत अडकतं आणि गठ्ठ्याच्या तळाशी जातं. सगळ्या जागा पहिल्या नंबरांना देऊ नका. काही जागा निरीक्षणाच्या कागदावरून द्या, निबंध कसाही असो. काही चिठ्ठ्या टाकून द्या. चिठ्ठीवर माझ्या सहकाऱ्यांची नाराजी मी ऐकलेली आहे : मग मेहनतीला किंमत काय राहिली? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून सगळ्या नव्हे, काही. शक्य असेल तर याहून बरं हे की ज्या वर्गातला निबंध निवडला गेला तो अख्खा वर्ग एक दिवस बाहेर न्यायचा. एका मुलाला पाच दिवस नेण्यापेक्षा मला ते पटतं, पण जागा आणि माणसं यांची तुमची अडचण मला बाहेरून कळणार नाही.

आणि शेवटची मागणी, जी तुम्हाला सर्वांत जड जाईल. ज्याला उद्देशून मुलांनी लिहिलं, त्या माणसानं उत्तर द्यायचं. निवडलेल्या निबंधांना सविस्तर, बाकीच्यांना दोन ओळी का होईना, पण मुद्द्याला धरून. 'तुझं पत्र छान होतं' हे उत्तर नव्हे. 'खोड ठेवायला मी तयार आहे, पण कुंपणाचा खर्च कोण करणार ते तू सांगितलं नाहीस' हे उत्तर. नकार द्यायचा असेल तर कारणासकट द्या. मुलांना नकार चालतो. पत्र कुठे गेलं तेच कळलं नाही, हे त्यांना खटकतं आणि पुढच्या वर्षी ती लिहीत नाहीत. म्हणून विषय ठरवण्याआधी त्या माणसाला विचारा की तू वाचशील का, आणि पटलं तर करशील का. दोन्हींना हो आलं तरच तो विषय द्या.

कळावे, लोभ असावा.
आपली,
एक परीक्षक

ता. क. : पहिली-दुसरीच्या मुलांचा गट ठेवणार असाल तर त्यांना तोंडी सांगू द्या आणि मोठ्या कुणीतरी शब्दाला शब्द उतरवून घ्या. वाक्यं नीट करायचा मोह होतो, तो आवरा. उतरवून घेणाऱ्यांसाठी कागदाच्या खाली एक ओळ छापा : 'मी यात काहीही बदललेले नाही', आणि तिच्यापुढे त्यांची सही घ्या.